आवाज बसलाय

सकाळी उठून त्यानं बोटानंच दाखवलं,
चहा. मग गळ्यावर हात. मग मिठाचा डबा.
मी समजले. काल माळावर
भरमाण्णा सगळाच्या सगळा ओतून आला.

एरवी घरात बोलत नाही हा.
बावीस वर्षं मागावर, कान अर्धे तिथंच राहिलेत.
खटक-खटक, धोटा इकडून तिकडं,
त्यात कोण कुणाशी काय बोलणार?
मी कांड्या भरते, तो मान हलवतो.
लाईट गेली की दोघंही दचकतो,
एवढी शांतता ठेवायची कुठं?

पण मैदान आखलं, चुना पडला
की हाच माणूस दिव्याच्या डांबावर अर्धा चढतो,
एक हात डांबाला, एक हात हवेत,
आणि मागाच्याच ठेक्यावर सुरू करतो:

बैलहोंगलचा बैल
      दावं तोडून येईल!
आल्यावर काय खाईल?
      माती खाईल! माती खाईल!

साळी गल्लीची पोरं, पोरांचे आजे,
चुरमुरेवाला सुद्धा पुडी बांधता बांधता,
माती खाईल.

ते दोन ट्रॅक्टर भरून आलेले.
मध्ये दोरी-बिरी काही नाही, सगळे एकाच बांधावर,
मांडीला मांडी.
त्यांचा एक टकल्या, मडिवाळप्पा, गळ्यात शिट्टी,
त्यानं आधी मिरची भजी संपवली,
हात धोतराला पुसले, मग उठला:

वडगावी नूल
      हरीत! हरीत!

सूत तुटलं म्हणतायत, वडगावचं सूत तुटलं.
मला आधी राग आला.
मग वाटलं, बघा की,
आम्ही काय करून खातो ते ह्यांना ठाऊक आहे.
तुटलेलं सूत दिवसातनं शंभरदा जोडतात ही बोटं,
गाठ हाताला लागत नाही.
ये म्हणावं एकदा, दाखवते.

शेवटची चढाई. आम्ही एका गुणानं पुढं.
त्यांचा तो किडकिडीत बसलिंग
आत घुसला, वळला,
आणि आमच्या कलमेशनं त्याचा घोटा धरला.
रेषा चार बोटं लांब.
तोंड मातीत, दम चालूच, कबड्डी कबड्डी कबड्डी,
तेवढ्यात भरमाण्णाच्या तोंडून निघालं:
बिडब्याड! बिडब्याड!

सोडू नको. पण कानडीत.
का, कुणास ठाऊक. त्याची आई हुक्केरीकडची,
पाळण्यातलं काहीतरी खाली राहिलं असेल.
'अगा, कुणाकडनं ओरडूलास?' शेजारचा म्हणाला,
पण कान अर्धे, सांगितलं ना.

ट्रॅक्टरवाल्यांना वाटलं आपलाच कोणी,
पोराला सांगतोय, दम सोडू नको.
त्यांनी उचललं. मग आमच्यांनीही उचललं.
अख्ख्या माळावर एकच शब्द,
धरणाऱ्याला तोच, सुटणाऱ्यालाही तोच,
आणि धुरळा,
आणि मी पण, पदर तोंडातनं काढून,
बिडब्याड!

बोट रेषेला लागलं का नाही,
पंच वाकून बघतोय तर चुनाच पुसला गेलेला.
त्यावरनं आज पण नळावर भांडण चालू आहे.

रात्री डांबाखाली दोघं बसले होते,
हा आणि तो टकल्या,
दोघांचेही गळे गेलेले.
चुन्याची डबी इकडून तिकडं, तिकडून इकडं.
हातवारे करून एकमेकाला काय सांगत होते,
देव जाणे. हसत मात्र होते.

आता चहा पितोय. तोंड बंद.
असा मोका मला कधी मिळणार?
मी घेतलं सांगायला:
थोरलीची फी, माझा गुडघा,
तुझ्या बहिणीनं बारशाला काय म्हटलं ते सगळं.
तो मान हलवतोय,
भलत्याच जागी, पण हलवतोय.
बोटं तेवढी कपावर वाजतायत,
आल्यावर काय खाईल?

म्हटलं, कालची भाकरी आहे,
आणि शेंगदाण्याची चटणी.